शालान्त परीक्षा : परका पंच आणि घरचा वस्ताद

जत्रेंतील कुस्त्यांचा फड ज्यांनीं पाहिला असेल त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. तालमींत मुलाला घडवितो तो वस्ताद. पोरांपैकीं कोणाचा दम किती, डाव फसल्यावर पुन्हा उभा कोण राहतो, आणि अंग मोठें पण काळीज लहान असा कोण, हें वस्तादाइतकें दुसऱ्या कोणासहि ठाऊक नसतें. तथापि फडांत निकाल देण्यासाठीं वस्तादाला बसवीत नाहींत; तेथें परगांवचा पंच आणतात. पंचाला मल्लांचीं नांवेंहि पुष्कळदां ठाऊक नसतात, आणि तीं ठाऊक नसावींत ह्याचसाठीं तर त्याला बोलावलेलें असतें.

शालान्त परीक्षा, म्हणजे तुम्ही जिला 'दहावी' म्हणतां ती परीक्षा, तिचे बदलत गेलेले नियम आम्ही शिक्षक जेव्हां जेव्हां चाळून पाहतों, तेव्हां तेव्हां आम्हांस ह्या फडाची आठवण होते. गुण पंचानें द्यावे कीं वस्तादानें, आणि दोघांनीं द्यावयाचे तर कोणाच्या हातीं किती, हाच वाद ह्या बदलांच्या मुळाशीं आहे. दरवर्षी जून महिन्यांत पालक आमच्याकडे येतात आणि "यंदा काय बदललें?" असें विचारतात. काय बदललें हें परिपत्रक वाचून दाखविलें म्हणजे सांगून होतें. कां बदललें हें सांगावयास मात्र थोडें मागें जावें लागतें, आणि तेवढ्यासाठींच हीं चार पानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्यानें पहिली प्रवेशपरीक्षा घेतली. तिचें लांबलचक इंग्रजी नांव आपल्या लोकांच्या जिभेवर टिकलें नाहीं; त्यांनीं तिची 'मॅट्रिक' केली. ह्या वाटेनें पुढें जाऊन १८६२ सालीं जे पहिले पदवीधर झाले त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. परंतु येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. मॅट्रिक ही शाळेची परीक्षा नव्हती, ती विद्यापीठाच्या दारावरची परीक्षा होती. 'हा मुलगा कॉलेजांत बसण्यास लायक आहे काय?' एवढाच तिचा प्रश्न. शाळेनें त्यास काय दिलें, त्याच्या हातांत कसब कोणतें आहे, ह्याची चौकशी करण्याचें तिला कारण नव्हतें. पण ज्यांना कॉलेजांत जावयाचें नव्हतें, कोठें कारकुनी पाहावयाची होती किंवा वडिलांच्या दुकानावर बसावयाचें होतें, त्यांनाहि पुष्कळदां हेंच दार ओलांडून दाखवावें लागे.

ही अडचण दूर करण्यासाठीं मुंबई प्रांतांत १९४८ सालीं कायदा झाला, आणि १९४९ सालीं पुण्यास स्वतंत्र मंडळ स्थापन होऊन विद्यापीठाच्या हातची ही परीक्षा शालान्त प्रमाणपत्र परीक्षा म्हणून त्या मंडळाकडे आली. नांवांतच फरक दिसतो. प्रवेशाची परीक्षा गेली, शाळेच्या अंताची परीक्षा आली. पुढें १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. १९६५ च्या कायद्यान्वयें सर्व राज्यासाठीं एक मंडळ नेमण्यांत आलें व तें १ जानेवारी १९६६ पासून कामास लागलें. १९७५ सालीं अकरा वर्षांचें शालेय शिक्षण दहा वर्षांचें होऊन दहावीची पहिली परीक्षा झाली. तुमचे आजोबा "आम्ही जुन्या अकरावीचे" असें थोड्या अभिमानानें म्हणत असतील तर तो अभिमान ह्या सालापूर्वीचा आहे असें समजावें.

इतकीं स्थित्यंतरें झालीं तरी पंच परका असावा हें तत्त्व ढळलें नाहीं. त्याची व्यवस्था किती बारकाईनें केलेली असते हें मुलांना क्वचितच ठाऊक असतें. प्रश्नपत्रिका मोहोरबंद पाकिटांतून परिरक्षकाच्या ताब्यांत येतात आणि तेथून केंद्रसंचालकाकडे जातात. मुलगा उत्तरपत्रिकेवर नांव लिहीत नाहीं, बैठक क्रमांक लिहितो. आणि आतां तर क्रमांकाच्या जागीं रेघारेघांची खूणचिठ्ठी, म्हणजे बारकोड, असतो. तपासणारा परीक्षक निराळ्या शाळेचा. त्यानें तपासलेल्या पेपरांपैकीं कांहीं नियामक पुन्हा पाहतो, आणि नियामकावर मुख्य नियामक असतो. ह्या सर्व खटाटोपाचा हेतु एवढाच कीं मेळघाटांतील आश्रमशाळेंत शिकणारी मुलगी आणि मुंबईंतील एखाद्या धनिकाचा मुलगा ह्यांचे पेपर एकाच गठ्ठ्यांत आले तरी कोणता कोणाचा हें कोणास कळूं नये. ज्या समाजांत आडनांव ऐकतांच माणसाची जात, गांव आणि ऐपत ह्यांचा अंदाज बांधला जातो, तेथें निदान तीन तास तरी मुलाला आडनांव नसतें, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं. पंचहि अगदीं निर्दोष असतो असें नव्हे. गलिच्छ अक्षर पाहून परीक्षकाच्या कपाळास आठी पडते आणि त्या आठीची किंमत गुणांत द्यावी लागते. परंतु ती आठी अक्षराला पाहून पडलेली असते, आडनांवाला पाहून नव्हे.

मग पंचावरच सर्व कां सोंपवूं नये? कारण पंच पाहतो ती एका दिवसाची कुस्ती. मुलाला मराठी नीट बोलतां येतें काय, ऐकलेलें कळतें काय, चार जणांपुढें उभें राहून आपलें म्हणणें मांडतां येतें काय, हें कागदावर उतरत नाहीं. प्रयोगशाळेंत ज्याचे हात चुटकीसरशी उपकरण जुळवितात त्याच मुलाच्या हातांतून लेखणी पुष्कळदां चालत नाहीं. वर्षभर जो नेमानें स्वाध्याय करतो आणि ऐन परीक्षेच्या दिवशीं तापानें फणफणतो, त्याची वही पंचाच्या दृष्टीस पडत नाहीं. म्हणून शंभरांपैकीं ऐंशी गुण लेखी परीक्षेस आणि वीस गुण शाळेकडे, अशी वांटणी झाली. भाषांमध्यें ते तोंडी परीक्षेचे, विज्ञानांत प्रात्यक्षिकाचे, गणित व सामाजिक शास्त्रें ह्यांत स्वाध्याय व तत्सम कामाचे. थोडक्यांत, फडांत वस्तादालाहि बसावयास एक जागा दिली.

त्या जागेवर बसून वस्तादांनीं काय केलें, हें सांगण्याची वेळ आतां आली. आणि तें सांगतांना आम्ही स्वतःस वगळणार नाहीं. पूर्वीं एके ठिकाणीं आम्ही शिकवीत असतां, मंडळाकडे गुण पाठविण्याची मुदत दुसऱ्या दिवशीं संपणार होती. दुपारच्या सुट्टींत पत्रक पुढें घेतलें, आणि चहा थंड होण्यापूर्वींच साठ मुलांच्या तोंडी परीक्षेचे गुण भरून झाले. एकाहि मुलाला जवळ बोलावलें नव्हतें, एकहि प्रश्न विचारला नव्हता. सतराच्या खालीं कोणी नव्हता. वर्गांत उत्तम वाचणारी जी मुलगी होती तिला वीस दिले. पण ज्यानें वर्षभरांत चार वाक्यें सलग म्हटलीं नव्हतीं त्यालाहि अठरा दिले. लेखणी आमच्याच हातांत होती, तेव्हां दोष दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोय नाहीं. आपण उदार झालों असेंच त्या वेळीं आम्हांस वाटलें होतें. खरें पाहतां, त्या मुलीच्या वाचनाची किंमत आम्हीं दोन गुणांवर आणून ठेवली होती.

असें एकाच शाळेंत घडत नव्हतें. आणि जेव्हां तें सर्वत्र घडूं लागतें तेव्हां वीस गुण सर्वांनाच मिळतात, म्हणजे ते कोणालाच मिळाले नाहींत असें होतें. २०१८-१९ ह्या शैक्षणिक वर्षापासून दहावीचा अभ्यासक्रम नवा झाला, आणि त्याबरोबर भाषा व सामाजिक शास्त्रें ह्या विषयांतले शाळेच्या हातचे वीस गुण काढून घेऊन लेखी परीक्षा पुऱ्या शंभर गुणांची करण्यांत आली. गणित आणि विज्ञान ह्यांचे वीस तसेच राहिले. वस्तादाला जागेवरून उठविलें, असेंच म्हणाना.

त्याचा परिणाम आंकड्यांतच पाहावा. मार्च २०१८ च्या परीक्षेचा निकाल शेंकडा ८९.४१ लागला होता. मार्च २०१९ मध्यें तो ७७.१० वर आला. बारा टक्क्यांहून अधिक घसरण एका वर्षांत झाली. मुलें एका वर्षांत इतकीं मंद झालीं असें कोणी म्हणणार नाहीं. नवा अभ्यासक्रम, भाषांच्या नव्या धर्तीच्या कृतिपत्रिका, ह्यांचाहि त्यांत वांटा होता; तरी मोठा भाग त्या वीस गुणांचा, असा सार्वत्रिक समज झाला. हिशेब करून पाहिल्यास तो समज समजूं शकतो. उत्तीर्ण होण्यास शंभरांत पस्तीस हवे. शाळेनें अठरा दिले कीं उरले सतरा. आणि ते ऐंशींतून मिळवावयाचे, म्हणजे लेखींत शेंकडा बावीसहि नकोत. शाळेचे गुण गेल्यावर तोच मुलगा शंभरांपैकीं पस्तीस लेखींतून मिळविण्यास बांधला गेला. काल ज्याला बावीस पायऱ्या चढावयाच्या होत्या त्याला आज पस्तीस चढावयास सांगितलें, आणि पायरीची उंची पूर्वीचीच.

पालकांचा संताप झाला तो मात्र नापास मुलांपेक्षां हुशार मुलांमुळें अधिक, हें येथें नमूद केलें पाहिजे. अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेंत राज्य मंडळाचीं मुलें आणि इतर मंडळांचीं मुलें एकत्र उभीं राहतात. इतर मंडळांच्या मुलांच्या गुणांत शाळेनें दिलेले गुण मिळविलेले होते, ह्यांच्यांत नव्हते. एका रांगेंत दोन मापें लागलीं. ओरड झाली, समिती बसली, आणि ऑगस्ट २०१९ मध्यें वीस गुण शाळांना परत देण्यांत आले. मार्च २०२० च्या परीक्षेचा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षीं करोनाच्या सांथीमुळें भूगोलाचा शेवटचा पेपर होऊंच शकला नाहीं आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीनें दिले गेले, हेंहि त्यांत आहे. पण ८९, ७७ आणि ९५ हे तीन आंकडे लागोपाठच्या तीन वर्षांचे आहेत, आणि मुलें त्याच गांवचीं, त्याच घरांतलीं आहेत. ह्यावरून आम्हीं एवढेंच शिकलों कीं निकालाचा आंकडा पाहून मुलांविषयीं बोलण्यापूर्वीं मापाविषयीं विचारावें.

ह्यानंतरचें वर्ष असें आलें कीं पंचच उरला नाहीं. २०२१ सालीं सांथीच्या दुसऱ्या लाटेंत दहावीची परीक्षा रद्द करावी लागली. तेव्हां शंभर गुणांची नवी वांटणी झाली : नववीच्या वार्षिक निकालाचे पन्नास, दहावींत शाळेनें घेतलेल्या लेखी चांचण्यांचे तीस, आणि तोंडी, प्रात्यक्षिक वा स्वाध्यायाचे वीस. म्हणजे सर्व कांहीं वस्तादाच्या हातीं. निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या वर्षीं घराघरांत दुखणीं होतीं, कित्येक मुलांनीं वर्षभर वर्गाचें तोंड पाहिलें नव्हतें. अशा वेळीं शिक्षकांनीं हात सैल सोडला ह्याबद्दल आम्ही त्यांना दोष देणार नाहीं. पण पुढें काय झालें तें पाहा. इतके गुण सर्वांनाच मिळाल्यावर अकरावीला कोणाला कोठें घ्यावें हा प्रश्न पडला आणि सरकारनें त्यासाठीं एक स्वतंत्र प्रवेशपरीक्षा योजिली. ती मुंबई उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२१ मध्यें रद्द केली. तथापि ती योजावी लागली ह्यांतच सर्व आलें. वस्तादाच्या शब्दावर कोणाचा विश्वास बसेना, म्हणून लोक पंच शोधूं लागले. आणि ज्या मुलानें त्या वर्षीं खरोखरच रात्रीचा दिवस केला होता त्याला आपली मेहनत दाखविण्यास जागा उरली नाहीं. असा एक मुलगा आम्हांस म्हणाला, "गुरुजी, मला पंच्याण्णव मिळाले, पण ते माझे आहेत असें वाटत नाहीं." त्यास काय उत्तर द्यावें हें आम्हांस सुचलें नाहीं.

वस्ताद नेहमीं उदारच होतो असेंहि समजूं नये. कांहीं शाळांत नववीचा वर्ग हा चाळणीचा वर्ग असतो. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा, फलकावर तसें झळकावें, म्हणून नववींतच अशक्त मुलांना अडकवून ठेवतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाला असेंच दोनदां नववींत ठेवलें गेलें. "ह्याच्यानें दहावी व्हावयाची नाहीं," असा त्याच्या शिक्षकांचा, म्हणजे त्याला रोज पाहणाऱ्यांचा, ठाम अभिप्राय होता. आईनें शेवटीं शाळेंतून दाखला काढला आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून परीक्षेस बसविलें. दिवसा गॅरेजमध्यें काम आणि रात्रीं अभ्यास असें करून तो उत्तीर्ण झाला. गुण बेताचे, पण पहिल्याच खेपेस. ज्यांनीं त्याला तीन वर्षें पाहिलें होतें त्यांना तो दिसला नाहीं, आणि ज्यानें त्याला कधींच पाहिलें नव्हतें त्यानें त्याला न्याय दिला. परक्या पंचाविषयीं आमच्या मनांत जो आदर आहे तो अशा मुलांमुळें आहे.

नववींत मुलें अडखळतात ह्याचें एक कारण खालच्या वर्गांतहि आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंत कोणासहि त्याच वर्गांत ठेवूं नये असें ठरविलें, आणि २०१० पासून आपल्या राज्यांत आकारिक व संकलित असें दुहेरी मूल्यमापन सुरू झालें. निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प अशा अनेक अंगांनीं मुलाला पाहावें, ही मूळ कल्पना अत्यंत सुंदर होती. पण पुष्कळ ठिकाणीं निरीक्षणाची जागा नोंदवहीनें घेतली आणि प्रकल्प दुकानांत तयार मिळूं लागले. २०१९ च्या दुरुस्तीनें राज्यांना पांचवी व आठवीच्या वर्गांत परीक्षा घेऊन अनुत्तीर्णांस ठेवण्याची मुभा मिळाली, आणि महाराष्ट्रानें २०२३ सालीं तसे नियम केले. येथेंहि पाहा, आधीं सर्व वस्तादाकडे, मग पुन्हा थोडें पंचाकडे.

इतर बदल लहान, म्हणून ते भराभर सांगतों. गुणवत्तायादी, जीत पहिला-दुसरा आलेल्यांचीं छायाचित्रें वृत्तपत्रांत येत, ती आतां निघत नाहीं. ती बंद झाली तें बरेंच झालें. २०१० सालीं सहांपैकीं उत्तम पांच विषयांचे गुण धरण्याची योजना निघाली. तिच्यावरून उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण झालें आणि अखेर ती टिकली. २०१५ पासून नापास मुलांची पुरवणी परीक्षा ऑक्टोबरऐवजीं जुलैमध्यें होऊं लागली, त्यामुळें त्यांचें वर्ष वांचूं शकतें. सर्व बदलांत आम्हांस हाच सर्वांत दयाळू वाटतो, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी झाली. प्रश्नपत्रिका वाचण्यास आधीं दहा मिनिटें देत असत. त्या दहा मिनिटांत ती भ्रमणध्वनीवरून बाहेर फिरूं लागली, म्हणून २०२३ पासून तीं दहा मिनिटें शेवटीं जोडलीं गेलीं. वेळ तेवढाच राहिला, पण शांतपणें वाचण्याची संवय कांहीं मुलांची गेली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें वर्षांतून दोनदां परीक्षेची संधि सुचविली आहे, आणि केंद्रीय मंडळानें २०२६ पासून दहावीसाठीं तसें करण्याचें २०२५ मध्यें ठरविलें. एका दिवसाच्या तापानें वर्ष बुडूं नये ही त्यामागची दृष्टि योग्यच आहे.

आतां आमच्या शाळेपुरतें. मागील वर्षीं एक गृहस्थ आमच्याकडे आले. मुलाला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेंत वीसपैकीं तेरा मिळाले होते. "दुसऱ्या शाळांत सर्वांना वीस देतात, तुम्हांला आमच्या मुलाचें वाईट करावयाचें आहे काय?" असें त्यांनीं रागानें विचारलें. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. इतर ठिकाणीं माप सैल आणि येथें घट्ट, तर भुर्दंड त्यांच्याच मुलाला. आम्हीं त्यांना मुलाची चिठ्ठी दाखविली. उताऱ्याचें वाचन, चित्राचें वर्णन आणि संभाषण असे तीन भाग. प्रत्येकाचे गुण निराळे, खालीं दोन शिक्षकांच्या सह्या. संभाषणांत मुलगा गप्प राहिला होता. गृहस्थ बराच वेळ चिठ्ठीकडे पाहत बसले आणि मग हळूच म्हणाले, "घरींहि तो बोलत नाहीं." त्यानंतर गुणांची गोष्ट निघाली नाहीं, मुलाविषयीं आम्ही अर्धा तास बोललों. तो मुलगा दुसऱ्या सत्रांत पुन्हा बोलावला गेला, आणि त्यास सोळा मिळाले. ते तीन गुण आम्हीं दिलेले नव्हते, त्यानें घेतलेले होते.

यंदा दहावीच्या प्रत्येक मुलाला अशी चिठ्ठी मिळेल. तोंडी परीक्षा दोनदां होईल, एकदां दिवाळीपूर्वीं आणि एकदां जानेवारींत, आणि दोहोंतले अधिक गुण धरले जातील. चिठ्ठीवर पालकांची सही लागेल. ज्यांना गुण पटत नसतील त्यांनीं सही न करतां शाळेंत यावें. लेखी परीक्षेचा निकाल लागल्यावर कोणास शंका वाटली तर मंडळाकडे गुणपडताळणीसाठीं अर्ज करतां येतो. पुनर्मूल्यांकन हवें असल्यास आधीं उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते. मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्याच आठवड्यांत कार्यालयांत चौकशी करावी. छायाप्रत आली कीं ती घेऊन मुलानें आधीं आमच्याकडे यावें. कोठें गुण द्यावयाचा राहिला आहे आणि कोठें उत्तरच अपुरें आहे, हें त्याच्याजवळ बसून आम्ही पाहूं, आणि मग पुढचा अर्ज करावयाचा कीं नाहीं तें ठरवूं.